थंडीतला पाणीबदल : मित्रास पत्र

जळगाव,
दि. १२ जानेवारी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र काल संध्याकाळी मिळाले. समुद्रापासून इतक्या दूर, धुळ्यात राहून तू चाळीस लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी उभी केलीस आणि त्यात क्लाऊन माशांची जोडी, एक कोळंबी आणि चार गोगलगायी सुखरूप नांदत आहेत, हे वाचून फार आनंद झाला. परंतु पत्राच्या शेवटी तू जे विचारले आहेस, त्याचे उत्तर उद्यावर टाकणे मला बरे वाटले नाही. पाणी बदलले की मासे दिवसभर तळाशी बसून राहतात, म्हणून नव्या पाण्यात आंघोळीचा रॉड पाच मिनिटे सोडून ते कोमट करावे का, असे तू विचारतोस. कृपा करून तसे करू नकोस. पाणी कोमट करण्याचा तुझा विचार अगदी योग्य आहे, साधन मात्र चुकीचे आहे.

मासे तळाशी का बसतात, हे थोड्या हिशेबाने लक्षात येईल. तुझ्या टाकीचे पाणी २६ अंशांवर आहे आणि रात्रभर गॅलरीत राहिलेल्या बादलीतले पाणी सकाळी १३ अंशांवर असते, असे धर. तू दहा लिटर काढून दहा लिटर घातलेस, की टाकीचे तापमान पावणेतेवीसच्या आसपास येते, म्हणजे काही मिनिटांत सव्वातीन अंश खाली. पाचच लिटर बदललेस, तर ही घट दीड अंशाच्या थोडी वर राहते. माशाच्या शरीराला स्वतःची वेगळी ऊब नसते. भोवतीचे पाणी जेवढे गार, तेवढाच तो गार. हे जीव ज्या उष्ण समुद्रातले आहेत तिथे पाण्याचे तापमान फार सावकाश बदलते, आणि छोट्या टाकीत असा सावकाशपणा आपल्यालाच जपावा लागतो. मी स्वतः नव्या आणि जुन्या पाण्यात एका अंशाहून अधिक फरक ठेवत नाही. बाष्पीभवनाने कमी झालेले पाणी भरून काढताना मात्र एवढी काळजी नको. मीठ टाकीतच राहते, म्हणून तिथे गोडे पाणीच घालायचे असते, आणि अर्धा लिटर गार पाण्याने चाळीस लिटरांत अंशाचा सहावा हिस्साही फरक पडत नाही.

आता रॉडविषयी. दोन हिवाळ्यांपूर्वी मी नेमके हेच केले होते. घाई होती, पाणी गार होते आणि रॉड हाताशी होता. सहा-सात मिनिटांत बादली हवी तशी कोमट झाली आणि मी समाधानाने पाणी टाकीत ओतले. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळंबी आडवी पडलेली होती, आणि तीन दिवसांत सगळ्या गोगलगायी काचेवरून सुटून वाळूत पडल्या. मासे मात्र पोहत होते, खात होते. मासे वाचतात आणि बिनकण्याचे जीव मरतात, ही तांब्याची खूण आहे. रॉडची नळी बहुधा तांब्याची असते आणि तिच्यावर चकचकीत मुलामा दिलेला असतो. माझ्या जुन्या रॉडचा मुलामा ठिकठिकाणी उडालेला होता आणि मी तो सरळ खाऱ्या, तापत्या पाण्यात बुडवला होता. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य तांब्याचेच असते, तरीही पाण्यात विरघळलेले तांबे तिला अत्यल्प मात्रेतही सोसत नाही. ते टाकीतल्या दगडांत आणि वाळूत धरून राहते आणि पुढे हळूहळू पाझरते, म्हणून पाणी बदलले तरी लगेच सुटका होत नाही. मला सगळी वाळू टाकून द्यावी लागली. त्या कोळंबीची आठवण आजही मला टोचते, आणि म्हणूनच एवढे सविस्तर लिहितो आहे.

याच कारणासाठी घरातला तांब्याचा बंब, घंगाळ आणि गिझरचे पाणी, तिन्ही टाकीसाठी वर्ज्य समज. तांब्याच्या भांड्यातले पाणी माणसाला चांगले असे आपण लहानपणापासून ऐकत आलो, पण ते शहाणपण टाकीला लागू पडत नाही. बोअरच्या पाण्याचा मोह मलाही झाला होता. माझे मामा यावल तालुक्यात केळी लावतात आणि थंडीची लाट आली की बागेला रात्री विहिरीचे पाणी देतात, कारण जमिनीखालचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते. ते आयतेच कोमट मिळते खरे, परंतु आपल्याकडचे बोअरचे पाणी जड असते आणि त्यातले क्षार व नायट्रेट टाकीत साचत जातात. मीठ कालवायला आरओचेच पाणी घे, आणि तेही टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राने) तपासून, कारण घरगुती आरओमध्ये चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची सोय बऱ्याचदा असते.

तांब्याएवढीच मोठी भीती विजेची आहे. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक वीज वाहून नेते. चालू रॉड असलेल्या बादलीत पाणी किती तापले हे बोटाने पाहण्याची सवय आपल्या घराघरांत आहे, आणि ती जीवावर बेतू शकते. टाकीची सगळी उपकरणे ज्या बोर्डावर आहेत, त्याला ३० मिलीअँपिअरचे गळती-प्रवाह तोडणारे स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घे. प्रत्येक वायर प्लगकडे जाण्याआधी खाली झोल देऊन वर ने, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी प्लगमध्ये न जाता खालीच टपकेल.

मी आता काय करतो, ते सांगतो. पाच लिटरच बदलायचे असतील, तर आदल्या दिवशी मीठ कालवून ठेवलेले पाणी खाद्यपदार्थांसाठीच्या स्वच्छ प्लास्टिक कॅनमध्ये भरतो आणि तो कॅन झाकण लावून आंघोळीच्या पाण्याच्या टपात उभा करतो. टपातले पाणी साधारण चाळीस अंशांचे असले की पुरे. ते बंबातले असले तरी चालते, कारण ते आपल्या पाण्याला शिवत नाही. मधूनमधून कॅन हलवतो, वीस मिनिटांनंतर तापमापक घालून पाहतो आणि २५-२६ झाले की बाहेर काढतो. ओतण्यापूर्वी कॅन बाहेरून कोरडा पुसायचा, नाहीतर टपातले थेंब टाकीत जातात.

दहा लिटर असतील, तर बादलीत अ‍ॅक्वेरियमचाच थर्मोस्टॅट असलेला काचेचा हीटर लावतो. ५० वॉटच्या हीटरला दहा लिटर पाणी १३ वरून २६ अंशांवर न्यायला नुसत्या गणिताने तीन तास लागतात, आणि बादलीतून ऊब जात राहते म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्त. एवढा वेळ गृहीत धरूनच सकाळची सुरुवात कर. सोबत छोटा पंप फिरता ठेव, नाहीतर वरचा थर ऊन आणि तळ गार अशी स्थिती होते आणि तापमापक फसवतो. हीटर खुणेपर्यंत पूर्ण बुडालेला हवा आणि बादलीच्या प्लास्टिकला टेकलेला नको. तो बाहेर काढण्याआधी प्लग काढून पंधरा मिनिटे पाण्यातच निवू दे. तापलेली काच हवेत आली आणि पुन्हा पाण्यात गेली की तडकते. नेमकी हीच चूक टाकीतही होते, कारण पाणी उपसताना पातळी खाली जाते आणि चालू हीटर उघडा पडतो. म्हणून पाणी काढण्यापूर्वी टाकीच्या हीटरचा प्लग आधी काढ.

मिठाचे माप पाणी कोमट झाल्यावरच घे. २५ अंशांसाठी आखलेला हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याच्या घनतेवरून खारेपणा सांगणारा मापक, १३ अंशांच्या पाण्यात सुमारे ०.००३ ने जास्त आकडा दाखवतो, कारण गार पाणी घट्ट असते. तुला वाटेल १.०२५ झाले, आणि प्रत्यक्षात मीठ कमीच पडलेले असेल. तुझ्या माशांच्या सुस्तीत थंडीबरोबर याचाही वाटा असावा असा माझा अंदाज आहे. उलट, घाईने पाणी फार तापवून मग निववण्याचाही विचार नको, कारण खारे पाणी जास्त तापले की त्यातला चुना पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसतो आणि पाण्याचे संतुलन बिघडते. तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी राहतो, म्हणून ओतण्यापूर्वी थोडा वेळ एअर पंप लाव. मग वाटीने किंवा बारीक नळीने, पंधरा-वीस मिनिटे घेऊन, पाणी टाकीत सोड.

उन्हाळ्यातली अडचण उलटी आहे. गच्चीवरच्या टाकीचे पाणी मे महिन्यात चटके देते, आणि त्याबद्दल मार्चमध्ये लिहीन.

माझ्याकडे ५० वॉटचा एक जादा हीटर आणि काचेचा साधा, पारा नसलेला तापमापक आहे. फोडलेल्या बर्फाच्या पाण्यात धरून तो शून्य दाखवतो हे मी तपासले आहे. परवा माझा पुतण्या एसटीने धुळ्याला येतो आहे, त्याच्यासोबत दोन्ही वस्तू पाठवतो. तोपर्यंत पाणी बदलू नकोस. माशांना खाऊ थोडा कमी घातलास तर आठवडाभराच्या उशिराने काही बिघडत नाही. वस्तू मिळाल्या की बादलीतले आणि टाकीतले तापमान दोन्ही लिहून कळव, आणि कोळंबी कात टाकते आहे का तेही बघ.

काकूंना सा. नमस्कार आणि वहिनींना नमस्कार सांग. मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना मित्र