अजगर गळ्यात घेण्याआधी त्याच्या खाण्याचे बोला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत पाळीव अजगरांवर आलेला सचित्र लेख वाचला. सापांविषयीची किळस कमी करणारे लेखन हवेच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पानभर छापलेल्या छायाचित्राबद्दल. चौदा-पंधरा फुटी बर्मीज अजगर गळ्यात घालून मालक हसतो आहे आणि खाली ओळ आहे, 'तो मला ओळखतो, मला कधीच इजा करणार नाही.' मी स्वतः मोठे अजगर सांभाळतो. माझ्या मते पाळणाऱ्याला गोत्यात आणतो तो नेमका हाच समज.

अजगर माणसाळतो म्हणजे हाताळण्याला सरावतो. उचलले की बिचकत नाही, फुसफुसत नाही, अंग आखडून घेत नाही. एवढेच. यात माया शोधू नये. घाबरलेला अजगर चावतो तेव्हा बहुधा आधी बजावतो: मान नागमोडी मागे घेतो, जोरात फूत्कार सोडतो, आणि दंश केलाच तर लगेच सोडूनही देतो. भुकेने झेपावणारा अजगर यातले काही करत नाही. तो गप्प असतो, धरले की सोडत नाही आणि त्याच झटक्यात विळखा घालतो. मोठ्या अजगरांचे गंभीर अपघात बहुतेक या दुसऱ्या प्रकारचे असतात. त्यात राग नसतो, समोरचे अंग भक्ष्य आहे असा निव्वळ गैरसमज असतो. त्यामुळे 'माझा अजगर फार शांत आहे' या वाक्याला काही अर्थ उरत नाही. शांत अजगरालाही भूक लागतेच.

हा गैरसमज होतो कसा, तेही पाहावे. अजगराच्या ओठांवर बारीक खाचांची ओळ असते आणि त्या खाचांना उष्णता जाणवते. अंधारातही आजूबाजूच्या गारव्यात काय उबदार आहे ते त्याला कळते. जिभेने तो वास टिपतो. आता उंदीर किंवा ससा हाताळून हात न धुता कुणी पेटीत हात घातला, तर अजगराच्या लेखी तो हात म्हणजे उंदराच्या वासाची, हलणारी, गरम वस्तू. त्यात पेटी फक्त खाणे देतानाच उघडली जात असेल तर दार सरकल्याचा आवाज हीच जेवणाची घंटा होते. म्हणून जाणकार पाळणारे पेटी इतर वेळीही उघडतात, पाणी बदलतात, साफसफाई करतात. आणि उचलण्याआधी लांब दांड्याच्या हुकने अजगराच्या अंगाला हलकेच स्पर्श करतात, डोक्याला नव्हे. हुक लागला की आज खाणे नाही, हे त्याला काही महिन्यांत पक्के कळते. जिभेची लगबग मंदावते, मान सैल पडते. ते दिसेपर्यंत हात आत घालायचा नाही.

खाणे देण्याची रीत मी जरा तपशिलात सांगतो, कारण लेखात ती एका वाक्यात उरकली आहे. मोठ्या अजगराला गोठवलेला ससा देणे उत्तम. तो आदल्या दिवशी फ्रीजरमधून काढून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवायचा, मग पिशवीत बांधून गरम पाण्यात सोडायचा. पोटात बर्फ राहिला नाही ना, हे बोटाने दाबून बघायचे. मायक्रोवेव्हच्या वाटेला जाऊ नये. बाहेरून शिजतो, आतून थंड राहतो आणि कधी पोट फुटून सगळा राडा होतो. देण्याच्या क्षणी त्याचे डोके थोडे अधिक गरम असावे, म्हणजे अजगर तिकडूनच धरतो. चिमटा लांब हवा, कोपरापासून बोटांपर्यंतची लांबी मोठ्या अजगरापुढे काहीच नाही. मग अजगर दगडासारखा स्थिर होतो, फक्त जीभ आत-बाहेर होत राहते, आणि झेप डोळ्याला दिसतच नाही; दिसतात ते थेट विळखे. मेलेल्या सशालाही तो पूर्ण ताकदीने आवळतो. काही वेळाने विळखे सैलावतात, तो नाकाने चाचपत सशाचे डोके शोधतो आणि जबड्याची एकेक बाजू पुढे टाकत गिळू लागतो.

जिवंत भक्ष्य द्यावे, त्यात 'नैसर्गिकपणा' आहे, असे मानणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. सशाचे हाल तर होतातच, शिवाय अजगराला भूक नसेल तर पेटीत रात्रभर राहिलेला उंदीर त्याची पाठ कुरतडतो. अशा जखमा हाडापर्यंत गेलेल्या असतात.

खाऊ घालण्यासाठी अजगराला दुसऱ्या खोक्यात हलवावे, हा जुना सल्ला लहान सापापुरता ठीक. पूर्ण वाढलेल्या अजगराला जेवणानंतर उचलून परत आणणे म्हणजे भुकेचा आवेश न ओसरलेल्या जनावराला मिठी मारणे. जिथे राहतो तिथेच द्यावे आणि दार लावून निघून जावे.

पुढचे किमान दोन दिवस हात लावू नये, मोठा घास असेल तर पोटाचा फुगवटा जाईपर्यंत. अजगराचे जेवण हे त्याच्या शरीरावरचे मोठे ओझे असते. बर्मीज अजगराच्या हृदयातल्या जवनिकेचे, म्हणजे रक्त बाहेर ढकलणाऱ्या कप्प्याचे, वस्तुमान जेवणानंतर 48 तासांत सुमारे 40 टक्क्यांनी वाढते, असे 2005 साली संशोधकांनी मोजून दाखवले. आतडी, यकृत, मूत्रपिंडे सगळी फुगतात, चयापचय कित्येक पटींनी वाढतो. या काळात त्याला ऊब लागते. पेटीची एक बाजू 31-32 अंश सेल्सिअसच्या आसपास हवी, दुसरी काही अंशांनी गार. ऊब नसेल किंवा उचलाउचल झाली तर तो घास ओकून टाकतो, आणि अर्धवट पचलेला ससा बाहेर येताना अन्ननलिकेची वाट लागते. आपल्या छायाचित्रातल्या अजगराच्या पोटाचा मधला भाग ठळक फुगलेला दिसतो. म्हणजे त्या दिवशी त्याला पेटीबाहेर काढायलाच नको होते.

प्रमाणाचेही तेच. प्रौढ अजगराला दर तीन-चार आठवड्यांनी एक घास पुरतो, आणि तो अजगराच्या सर्वांत जाड भागापेक्षा फार जाड नसावा. लवकर 'मोठा' व्हावा म्हणून दर आठवड्याला कोंबून घालणारे हौशी लोक आहेत. लांबी वाढते, मग चरबी वाढते, यकृत बिघडते.

गळ्यात घेण्याविषयी थोडक्यात. गळ्यात घेऊच नये. 2015 साली अजगरासारखाच विळखा घालणाऱ्या बोआ सापांवर झालेल्या प्रयोगांत दिसले की विळखा श्वास रोखण्याआधी रक्ताभिसरणच काही सेकंदांत थांबवतो. माणसाच्या मानेभोवती काय होईल, ते वेगळे सांगायला नको. आठ फुटांपुढचा अजगर एकट्याने हाताळायचा नाही, त्याहून लांब असेल तर माणसे वाढवायची. विळखा सोडवायचा तो शेपटीकडून, कारण तिथे जोर कमी असतो. दंश झाला तर हात ओढू नये. दात आतल्या बाजूला वळलेले असतात, ओढल्याने मांस फाटते. तोंडात थोडे स्पिरिट सोडले की बहुधा जबडा सुटतो. म्हणून बाटली हाताशी असावी, दुसऱ्या खोलीतल्या कपाटात नव्हे.

हे अतिरंजित वाटत असेल तर दोन घटना सांगतो. 2009 मध्ये फ्लोरिडात घरातल्या टाकीतून सुटलेल्या बर्मीज अजगराने दोन वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. तो नऊ फुटांचाही नव्हता, आणि महिनाभर त्याला खाणे मिळाले नव्हते. 2013 मध्ये कॅनडात आफ्रिकन रॉक पायथन हवा खेळण्याच्या नळीतून निसटला आणि झोपलेली दोन भावंडे गेली. दोन्ही ठिकाणी अजगर पेटीत असल्याचे मोठी माणसे गृहीत धरून होती. कुलूप नसलेली पेटी ही पेटीच नाही, आणि अजगराच्या डोक्याएवढी फट हा त्याच्यासाठी दरवाजा असतो.

ज्यांना झेपले नाही त्यांनी सोडून दिलेल्या अजगरांचाही फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत आज माजलेल्या अजगरांच्या बजबजपुरीत वाटा आहे. अमेरिकेने 2012 मध्ये बर्मीज अजगराची आयात बंद केली तोवर उशीर झाला होता. कोणती जात पाळता येते हे त्या त्या देशाचा कायदा ठरवतो, तो आधी पाहावा.

आपल्या लेखात मालकाची हौस आहे, अजगराची लांबी आहे, पण शेवटचे खाणे कधी दिले आणि हाताळताना सोबत कोण होते, हे कुणी विचारलेले नाही. पुढच्या वेळी वार्ताहराने तेवढे विचारावे. आणि लेख वाचून ज्यांना अजगर पाळावासा वाटला असेल त्यांनी, कायदा आड येत नसेल तर, बॉल पायथन या लहान अजगरापासून सुरुवात करावी. तो बहुधा पाच फुटांच्या आत राहतो आणि घाबरला की वेटोळे करून डोके आत लपवतो. मात्र मनात आले की महिनोन्‌महिने उपाशी बसतो आणि मालकाची झोप उडवतो, तेवढी तयारी ठेवावी.

आपला,
एक सर्पपालक वाचक