समुपदेशन कक्षाला कुलूप का? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

महामारीच्या काळात आपल्या खात्याने मानसिक आधारासाठी सुरू केलेली दूरध्वनी सेवा आणि पुढे तिला जोडून उघडलेला समुपदेशन कक्ष गेल्या महिन्यात बंद झाला. साथीचा कालावधी संपुष्टात आल्याने सदर व्यवस्था खंडित करण्यात येत आहे, एवढे एकच वाक्य कक्षाच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर आहे. खाली ना कोणाची सही, ना पुढे कोठे जावे याचा पत्ता. कक्षाच्या उद्घाटनाला दूरध्वनी सेवेची लाभार्थी म्हणून मला पहिल्या रांगेत बसवण्यात आले होते, आणि ही व्यवस्था कायमस्वरूपी राहील, असे आपण आमच्याकडे पाहून सांगितले होते. म्हणून हे पत्र आपल्यालाच लिहीत आहे, आणि ते जाहीरपणे लिहीत आहे, कारण रीतसर पाठवलेल्या अर्जाची साधी पोचही मला मिळालेली नाही.

कक्ष बंद झाला त्याच आठवड्यात आपल्या खात्याची नवी जाहिरात झळकली. दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक राहा, छंद जोपासा आणि गरज वाटल्यास तज्ज्ञांशी बोला, असे तीत म्हटले आहे. कोणत्या तज्ज्ञांशी बोलावे, महोदय? ज्यांच्याशी आम्ही बोलत होतो त्यांचे करार तर आपल्याच खात्याने संपवले.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविडची साथ ही महामारी असल्याचे सांगितले, तेव्हापासून आम्हा नागरिकांना एक गोष्ट सतत ऐकवली गेली की घाबरू नका. घाबरणे हा जणू आमचा स्वभावदोष होता. वास्तविक त्या काळातील चिंतेला कारणे होती आणि त्यांतील पुष्कळशी कारणे शासनाच्या हातातली होती. माझी आई रुग्णालयात दाखल झाली तेव्हा नातेवाइकांनी आत यायचे नाही, फोन करायचा नाही, काही असल्यास आम्ही कळवू, असे सांगण्यात आले. हे 'काही असल्यास' ज्याने भोगले आहे त्यालाच कळेल. फोन उशाशी, चार्जर सतत लावलेला, आवाज पूर्ण वाढवलेला. आणि तो वाजला की हात इतका थरथरे की उचलण्याआधीच तो खाली पडे. एखाद्या कंपनीच्या जाहिरातीचा फोन आला तरी त्यानंतर बराच वेळ छातीतली धडधड थांबत नसे. वाजला तर वाईट बातमीची भीती आणि वाजला नाही तर काही कळत नाही याची भीती, अशा स्थितीत असलेल्या माणसाला सकारात्मक राहा म्हणून सांगणे हे निव्वळ निर्दयपणाचे आहे.

त्याच रुग्णालयातील एका तरुण सिस्टरने पुढे आपणहून रोज रात्री नऊ वाजता फोन करायला सुरुवात केली. आज ऑक्सिजन किती लागला, त्या काय जेवल्या, काही बोलल्या का, एवढेच ती दोन मिनिटांत सांगे. बातमी दर वेळी चांगली नसायची, उलट बहुधा वाईटच असायची. परंतु नऊ वाजता कळणार हे ठाऊक असल्यामुळे उरलेला दिवस मला काम करता येऊ लागले आणि नऊनंतर थोडी झोपही लागू लागली. संकटाइतकीच अनिश्चितता माणसाला पोखरते हे मानसशास्त्र सांगते, आणि मी ते अनुभवले. तो फोन ही कोणतीही योजना नव्हती. त्यासाठी निधी, समिती, उद्घाटन यांपैकी काहीही लागले नव्हते. प्रत्येक वॉर्डातून प्रत्येक कुटुंबाला ठरलेल्या वेळी एक फोन जावा, एवढा आदेश काढणे आपल्या खात्याला का जमले नाही, हे मला आजही समजत नाही. आणि दोन पाळ्यांचे काम एका पाळीत उरकून वर हे फोन करणाऱ्या त्या मुलीला, तू रात्री झोपतेस का, असे तरी कोणी विचारले असेल, याची मला शंका आहे.

आई गेली. आम्हाला तिचे दर्शन दुरून, बंद पिशवीतले झाले. ज्या अंत्यसंस्काराला उभेच राहता आले नाही, त्याचे दुःख मनात जागा धरून बसते. दीर्घकाळ न शमणाऱ्या शोकविकाराला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान मिळाले आहे आणि ते वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे. म्हणजे हे दुखणे आता वैद्यकशास्त्रालाही मान्य आहे. आपल्या खात्यानेच ते मुदत संपले म्हणून निकालात काढले आहे. त्यानंतरच्या काळात वडील झोपले की मी त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहत असे. ९६, ९७ असा आकडा दिसला तरी समाधान होत नसे. पुन्हा लावायचा, मग दुसऱ्या बोटाला, मग स्वतःच्या. आकडा ९४ वर आला तर काय, या एका विचारापुढे दुसरे काहीही सुचत नव्हते. वडील एकदा जागे झाले आणि काही न बोलता त्यांनी हात पांघरुणाखाली घेतला, तेव्हा मी आपल्या त्या सेवेला प्रथम फोन केला.

तेथील समुपदेशक ताईंनी मला सुरुवातीला एकही उपदेश केला नाही. जेवण किती वाजता होते, झोप किती लागते, घरात कोणाशी बोलणे होते, एवढेच विचारले. मग हळूहळू एकेक गोष्ट सांगितली. बातम्या दिवसातून दोनदाच, ठरलेल्या वेळी आणि अधिकृत ठिकाणच्याच पाहायच्या. फोन झोपण्याच्या खोलीबाहेर ठेवायचा. संध्याकाळचा अर्धा तास चिंतेसाठी राखून ठेवायचा, दिवसभर मनात येईल ते त्या अर्ध्या तासावर ढकलायचे आणि वहीचे दोन रकाने करून आपल्या हातात काय आहे व काय नाही ते वेगवेगळे लिहायचे. श्वास सोडताना तो घेतानापेक्षा अधिक लांबवायचा. रोज एका माणसाशी आजाराखेरीज दुसऱ्या विषयावर बोलायचे. यांतली बातम्यांची गोष्ट जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच जगाला सांगितली होती आणि ती माझ्याही वाचनात आली होती. पण वाचून मी काहीच केले नव्हते. पुढच्या गुरुवारी ताई फोन करून वहीत काय लिहिले ते विचारणार आहेत, हे माहीत झाल्यावर केले. श्वासाच्या व्यायामाबद्दल माझी तक्रार नाही, त्याच्याच आधाराने मी कित्येक रात्री काढल्या आहेत. तक्रार ही आहे की विचारणारे माणूस काढून घेऊन आपण आमच्या हातात केवळ पत्रक ठेवले आहे.

आता आकडे पाहू, कारण आकड्यांशिवाय आपल्या कार्यालयात कोणी कागद वाचत नाही असे म्हणतात. महामारीच्या पहिल्या वर्षात चिंता आणि नैराश्य यांचे प्रमाण जगभरात सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. २०२० या एका वर्षात चिंताविकाराचे सुमारे ७ कोटी ६० लाख आणि तीव्र नैराश्याचे सुमारे ५ कोटी ३० लाख अधिकचे रुग्ण झाले, असा अंदाज 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात स्त्रिया व तरुण अधिक भरडले गेल्याचे दिसले. नेमक्या याच काळात, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील पाहणीनुसार, ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्याच्या अत्यावश्यक सेवा विस्कळीत झाल्या किंवा थांबल्या होत्या. त्याच पाहणीत ८९ टक्के देशांनी आपल्या कोविड आराखड्यात मानसिक आधाराचा समावेश असल्याचे कळवले होते, पण त्यांतील केवळ १७ टक्के देशांनी त्यासाठी लागणारा पूर्ण जादा निधी दिला होता. या दोन आकड्यांमधल्या दरीत आम्ही पडलो आहोत, महोदय. जगातील सरकारे आरोग्यावरच्या खर्चातील जेमतेम दोन टक्के रक्कम मनाच्या आरोग्यासाठी काढतात. नैराश्य व चिंतेच्या उपचारावर घातलेला एक डॉलर चार डॉलर होऊन परत येतो, असे जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१६ मध्ये सांगितले होते; तेव्हा पैसा नाही ही सबब कृपया देऊ नये.

साथ संपली म्हणून कक्ष संपला, हे कारणही टिकणारे नाही. २००३ च्या सार्स साथीतून वाचलेल्या हाँगकाँगमधील रुग्णांची अडीच वर्षांनी तपासणी झाली तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे चौथ्या हिश्श्यात आघातोत्तर तणावाचा विकार आढळला होता. म्हणजे शरीराचा ताप उतरल्यावर कितीतरी काळाने मन आजारी राहू शकते, हे कोविडच्या आधीच ठाऊक होते. ५ मे २०२३ रोजी कोविडची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर करताना जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी, या बातमीचा आधार घेऊन कोणत्याही देशाने उभारलेल्या यंत्रणा मोडू नयेत, असे त्याच भाषणात बजावले होते. आपल्या खात्याने नेमके तेच केले.

मला वाटते, दोष एका कक्षापुरता नाही. ज्याचे छायाचित्र निघते ते उभे राहते आणि ज्याचे निघत नाही ते तात्पुरते ठरते, अशी ही सगळी व्यवस्थाच झाली आहे. इमारत आणि यंत्र यांची फीत कापता येते. गुरुवारी न चुकता येणाऱ्या फोनची कापता येत नाही. म्हणून इमारतीला कायमची मंजुरी मिळते आणि फोन करणारी व्यक्ती अकरा महिन्यांच्या करारावर राहते, तिचे मानधन थकते आणि शेवटी एके दिवशी तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितले जाते. आरोग्यसेवकांसाठी टाळ्या वाजवल्या गेल्या, सत्कार झाले, फलक लागले, आणि नंतर त्यांच्यातलेच कित्येक जण आपल्या थकलेल्या मानधनासाठी कार्यालयांच्या पायऱ्यांवर बसले. संकटात नागरिकाने नियम पाळावेत, घरात राहावे, आप्तांचा निरोप न घेता राहावे, हे सारे आम्ही मान्य केले. त्या बदल्यात शासनाने काय मान्य केले होते, ते कोणत्या कागदावर लिहिले आहे? ताण सहन करणे हे नागरिकाचे कर्तव्य आणि तो हलका करणे हा मात्र त्याचा खाजगी छंद, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

माझ्या मागण्या फार नाहीत. कक्ष आणि दूरध्वनी सेवा पुन्हा सुरू करावी, तेथील समुपदेशकांना नियमित पदांवर घ्यावे व त्यांचे थकलेले मानधन द्यावे. पुढील साथीच्या आराखड्यात रुग्णाच्या कुटुंबाला ठरलेल्या वेळी रोज माहिती देण्याची आणि सुरक्षित अंतरावरून का होईना, निरोप घेऊ देण्याची तरतूद करावी. आणि कक्षात नोंद असलेल्या प्रत्येक व्यक्तीला, तिचे पुढील समुपदेशन कोठे व कोणाकडे होईल, हे लेखी कळवावे. आमच्या सर्वांच्या नोंदी त्या कक्षाच्या कपाटात आहेत आणि त्यांचे काय झाले हेसुद्धा आम्हाला सांगण्यात आलेले नाही.

आपले उत्तर सहायकाच्या सहीने येऊ नये, अशी विनंती आहे. आश्वासन आपण दिले होते. ते का मोडले, हे आपणच आणि जाहीरपणे सांगावे.

कळावे,
आपल्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसवलेली एक नागरिक