ड्राय फ्लायच्या किटमध्ये निघालेली कोंबडीची पिसं

दि. २ एप्रिल
धरमपेठ, नागपूर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: ड्राय फ्लाय बांधणी किटमधील चुकीचे साहित्य बदलून मिळणे अथवा रक्कम परत मिळणेबाबत

महोदय,

आपल्या वेबसाइटवरून मी ९ मार्चला ‘ड्राय फ्लाय बांधणी किट’, म्हणजे मासे धरायच्या गळावर खोटी माशी बांधायचं साहित्य, मागवलं. किंमत ४,८५० रुपये, पैसे आधीच भरलेले. पार्सल १६ मार्चला मिळालं. पावती आणि पाकिटांवरच्या लेबलांचे फोटो सोबत जोडले आहेत. तक्रार थोडक्यात अशी की ह्या किटमधून बांधलेली माशी बुडते.

ड्राय फ्लाय तरंगते म्हणून तर तिला ड्राय म्हणतात. ट्राउट मासा वर बघतो, पाण्यावर बसलेला किडा टिपायला येतो, आणि आपण त्याच्यापुढे खोटा किडा सोडतो. मी बांधतो ती एल्क हेअर कॅडिस, कॅडिस नावाच्या किड्यासारखी दिसणारी माशी. अमेरिकेत अल ट्रॉथ यांनी १९५७ मध्ये काढलेली, नवशिक्याला जमेल इतकी सोपी. गळाच्या दांडीवर दोरा, मागे बारीक तार, डबिंग (दोऱ्यावर पिळायची मऊ लव) पिळून केलेलं अंग, गळाच्या डोळ्याकडून, म्हणजे दोरी ओवायच्या छिद्राकडून, मागे हॅकलचे (पिसाचे) वेढे, ते वेढे तारेने पक्के करत पुन्हा पुढे यायचं, आणि वर एल्कच्या, म्हणजे एका मोठ्या हरणाच्या, केसांचा तिरपा पंख. सवय झाली की दहा मिनिटांचं काम.

आता आपलं हॅकल. पाकिटावर छापलंय ‘कोंबड्याचं, ड्राय फ्लायसाठी’. कोंबड्याचं चांगलं पीस वाकवलं की त्याचे तंतू ताठ, सुटे उभे राहतात. त्या टोकांवरच माशी पाण्यावर तोलून धरली जाते. आपल्या पाकिटातलं पीस वाकवलं तर तंतू एकमेकांना चिकटून लोळतात, आणि मधल्या काडीच्या दोन्ही बाजूंना जवळजवळ टोकापर्यंत मऊ जाळी आहे. हे सरळसरळ कोंबडीचं पीस आहे. ते वाईट नसतं. पाण्याखाली चालवायच्या वेट फ्लायला तेच हवं, कारण ते पाणी पितं. पण मग लेबल तसं लावा.

केसांची गत तीच. एल्कचा केस आतून पोकळ असतो. दोरा आवळला की तो बुडाशी फुलून पिंजारतो, हे बांधणाऱ्याच्या बोटांना लगेच कळतं. आपल्या किटमधली जुडी मी तीनदा बांधली. दोरा तुटेपर्यंत आवळला, केस जागचा हलला नाही, झाडूच्या काड्यांसारखा पडून राहिला. तो कुठल्या जनावराचा आहे ते आपणच सांगा.

गळ १४ नंबरचे आहेत, तेवढं बरोबर. पण ते ज्या तारेचे बनलेत ती जाड आहे, म्हणून गळ जड. माझ्याकडच्या जुन्या १४ नंबरच्या ड्राय गळाशेजारी ठेवला की फरक चष्म्याशिवायही दिसतो. व्हाइस (गळ धरून ठेवणारा चिमटा) आणि कात्री मात्र चांगली आहेत, त्यांच्याबद्दल काही म्हणणं नाही.

केवळ नजरेवर बोलू नये म्हणून घरीच परीक्षा घेतली. स्टीलच्या परातीत पाणी भरून जुन्या साहित्याची एक माशी आणि आपल्या किटची एक माशी शेजारी सोडली. जुनी रात्रभर तरंगत होती. आपली सात आकडे मोजेपर्यंत तळाला गेली. (बायकोने सकाळी कणकेसाठी परात मागितली, तेव्हा प्रयोग संपला.) दोन्हींचे फोटो जोडले आहेत.

एक सांगायचं राहिलं. नागपुरात ह्या दिवसांत फ्लाय बांधणं म्हणजे काय, हे आपल्याला कल्पनेत यायचं नाही. कूलर लावला की पिसं आणि डबिंग घरभर उडतं. म्हणून रात्री जेवणं झाल्यावर कूलर आणि पंखा दोन्ही बंद करून, घाम पुसत बसावं लागतं. अशा चार रात्री आपल्या किटपायी गेल्या.

२२ मार्चला आपल्या ग्राहक सेवेला फोन केला. पहिलं उत्तर, “फ्लोटंट लावून बघा सर.” म्हणजे माशी तरंगावी म्हणून चोपडायचं द्रव्य. लावलं. मऊ तंतू आणखीच गोळा झाले. दुसरं उत्तर, “पाकीट फोडलंय, परत घेता येणार नाही.” पाकीट न फोडता पीस वाकवून कसं बघायचं, ते त्यांनाही सांगता आलं नाही. शेवटी ते म्हणाले, “पण सर, नागपुरात ट्राउट कुठे असतात?”

नसतात. थंड पाण्याचा मासा आहे, आमच्या फुटाळा तलावात कसा राहील? मी दरवर्षी हिमाचलला तीर्थन नदीवर जातो. दिल्लीहून बसने औटपर्यंत, तिथून बंजारमार्गे गुशैणी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ट्राउटची मासेमारी बंद असते, म्हणून हिवाळाभर थांबून उन्हाळ्याच्या तोंडावर निघायचं. पण हे मी का सांगावं? गिऱ्हाईक नागपूरचं आहे म्हणून कोंबडीचं पीस कोंबड्याचं होत नाही.

माझी मागणी: कोंबड्याचं खरं ड्राय हॅकल, एल्कचे केस आणि बारीक तारेचे १४ नंबरचे गळ १५ एप्रिलच्या आत आपल्या खर्चाने पाठवावेत. ते जमणार नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी आणि किट घरून उचलून न्यावं. वेबसाइटवरचं वर्णनही दुरुस्त करावं, नाहीतर पुढच्या नवशिक्याला वाटेल की त्याचाच हात वाईट आहे. मलाही पहिल्या दोन रात्री तसंच वाटलं होतं.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ह्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं न झाल्यास १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि नंतर नागपूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला राहत्या ठिकाणी दाद मागता येते.

माझी गाडी २० एप्रिलची आहे. माश्या बांधायला निदान चार रात्री लागतील.

आपला,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व ऑर्डर क्रमांक सोबतच्या पावतीवर)