सिड बॅरेटची गाणी: क्रम चुकला

मा. संपादक,

'पिंक फ्लॉइड' या ब्रिटिश रॉक बँडचा संस्थापक गायक-गिटारवादक सिड बॅरेट याच्या १९७० सालच्या दोन्ही अल्बमांतल्या गाण्यांची क्रमवारी तुमच्या पुरवणीत वाचली. 'नो गुड ट्राइंग' हे गाणं बेताल म्हणून तळाला टाकलंय, ते पटत नाही. त्यात सिडची गिटार आणि आवाज आधी टेपवर आले. सॉफ्ट मशीन या बँडच्या वादकांनी साथ नंतर भरली. तो ओळीगणिक मात्रा कमीजास्त करतो, म्हणून ड्रमची थाप मागे राहते. अहिराणी लग्नगीतात बाईनं ओळ लांबवली की बाकीच्या तिला धरून घेतात. टेप कुणासाठी थांबत नाही.

पहिला मान 'डॉमिनोज'चाच. त्यातली उलट्या टेपची (टेप उलटी फिरवून वाजवलेली) गिटार हेडफोन लावून ऐका: सूर हळूहळू फुगतो आणि एकदम तुटतो. 'इफ इट्स इन यू' मात्र खालीच राहू द्या, त्यातले फसलेले आरंभ ऐकवत नाहीत.

– दोन वाचक, धुळे