गट क्रमांकाची तारीख होऊ न देणाऱ्या भाऊंना

प्रिय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

यंदा आमच्या शेतकरी गटाची कापूस विक्रीची यादी दुरुस्तीसाठी परत आली नाही. त्याचं श्रेय तुमचं आहे आणि ते चारचौघांत सांगावं म्हणून हे पत्र उघडं लिहिते आहे.

दारव्हा तालुक्यातल्या आमच्यासारख्या छोट्या गटाकडे वेगळं सॉफ्टवेअर नाही. गूगल शीट आहे, आणि सातबारे, पासबुकं समोर ठेवून ती भरणारे आम्ही. सातबाऱ्यावरचा गट क्रमांक नुसता अंक नसतो. ४५ असतो, ४५/१अ असतो, ४५/२/ब पण असतो. कुणी मराठी आकडे टाकतं, कुणी इंग्रजी. त्यात 12/1 लिहिलं की शीट त्याची तारीख करून मोकळी होते, आणि शेतकऱ्याचा पोटहिस्सा कागदावरून गायब.

पोळ्याला गावी आलात तेव्हा तुम्ही आधी तो रकाना साध्या मजकुराचा करून दिला. रेग्युलर एक्स्प्रेशनचं, म्हणजे मजकूर ठरलेल्या ठेवणीत बसतो का ते तपासणाऱ्या चिन्हांच्या नमुन्याचं, नाव काढलंत ते त्यानंतर, आणि तेव्हाही चिन्हं दाखवली नाहीत. म्हणालात, "आदी बरोबर आकडे अन् चुकीचे आकडे कागदावर लिवा, मंग चिन्हाले हात लावा." गावातले खरे गट क्रमांक आम्ही लिहीत गेलो आणि नमुना त्यांच्यातूनच उभा राहिला:

^[0-9०-९]+(/[0-9०-९]+)*(/?[अ-ह])?$

आधी एक किंवा जास्त अंक, दोन्ही लिप्यांतले. मग तिरकी रेघ आणि पुन्हा अंक, हवे तितक्या वेळा किंवा मुळीच नाही. ते काम ताऱ्याचं. (हा तारा १९५० च्या दशकात स्टीफन क्लीनी या गणितज्ञांच्या मांडणीतून आला, हे तुम्हीच सांगितलं होतं.) शेवटी वाटलं तर एक अक्षर. ४५/ असं अर्धवट राहिलं की नापास. सुरुवातीची टोपी आणि शेवटचं डॉलरचिन्ह का लागतं, तेही तुम्ही करून दाखवलंत: ती काढली तर शीटला मजकुरात कुठंतरी एक तुकडा जुळला तरी पुरतं, मग ‘गट ४५ की ४६’ हेसुद्धा पास.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती [अ-ह] ची, म्हणजे ‘अ’पासून ‘ह’पर्यंतच्या कुठल्याही एका अक्षराची गोष्ट. पोटहिस्स्याच्या एका अक्षराला ती चोख बसते. पण गावाच्या नावातही फक्त [अ-ह] मधलीच अक्षरं चालतील असं ठरवलं तर ‘दारव्हा’ नापास होतं, कारण काना आणि जोडाक्षरातलं हलन्त ही संगणकाच्या लेखी वेगळी चिन्हं आहेत, ती ‘ह’च्या पुढं येतात. आपल्या माणसाचं बरोबर लिहिलेलं नाव चूक ठरवणारी तपासणी नसलेली बरी, असं तुम्ही ठामपणे म्हणालात. मलाही तसंच वाटतं.

सभासद क्रमांकात निदान एक अक्षर आणि निदान एक अंक हवा होता, क्रम कोणताही. इतर ठिकाणी त्यासाठी (?= या चिन्हांनी पुढचा मजकूर आधीच डोकावून पाहायची सोय असते; गूगल शीटला ती चालत नाही. म्हणून तुम्ही दोन साध्या अटी जोडून दिल्या. वाचायलाही त्याच सोप्या.

बँकेच्या आयएफएससी कोडची तपासणी झटक्यात झाली. ११ चिन्हं: पहिली ४ रोमन अक्षरं, पाचव्या जागी शून्यच, पुढची ६ अक्षरं किंवा अंक. पासबुकावरच्या पुसट छपाईत या पाचव्या जागच्या शून्याचा ‘ओ’ वाचला जातो, तो आता तिथल्या तिथं लाल होतो. मात्र नमुना फक्त ठेवण तपासतो, ती शाखा खरंच आहे की नाही हे त्याला कळत नाही, म्हणून पासबुकाशी ताळा करणं सोडू नका, हे तुम्ही बजावलंत. आम्ही सोडलेलं नाही.

तुम्ही तयार फाईल पाठवून देऊ शकला असता. सणाच्या दिवशी, घरी पाहुणे असताना, ओसरीवर बसून एकेक कंस समजावलात. त्यामुळं तुरीच्या नोंदणीचा नमुना मी स्वतः लिहिला आणि शेजारच्या गावातल्या बचत गटाच्या ताईंना शिकवलाही. तो मुळात कुणाकडून आला, हे त्यांना सांगितलं आहे.

एक काम मात्र तुमच्यासाठी राखून ठेवलंय. जुन्या कागदांवर १२अ/१ असे क्रमांक सापडलेत, अक्षर मधेच. दिवाळीत याल तेव्हा ते घेऊन बसू. वहिनींना आणि लेकरांनाही घेऊन या.

तुमची,
गटाची यादी सांभाळणारी बहीण