न्यूरोबायोलॉजी म्हणजे दवाखाना नव्हे

महोदय,

‘नीट’ हुकली की पोर वाया गेलं, असं सांगलीत अजून धरलं जातं. तासगावहून रोज एसटीने येणारी माझी एक विद्यार्थिनी प्राणिशास्त्रात बीएस्सी झाली. पुढे न्यूरोबायोलॉजी (मेंदू आणि मज्जासंस्थेचं जीवशास्त्र) करते म्हणाली, तर घरच्यांचा पहिला प्रश्न, “मग दवाखाना कुठं काढणार?”

दवाखाना नाही. आठवण मेंदूत कशी टिकते, पार्किन्सनच्या आजारात डोपामिन हे मेंदूतलं संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या पेशी का मरतात, हे शोधायचं काम. त्यासाठी पुण्याची आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था), मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), बेंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र), हरियाणात मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र अशा चांगल्या जागा देशातच आहेत. टीआयएफआर घेते ती ‘जेजीईईबीआयएलएस’ ही जीवशास्त्राची सामाईक प्रवेशपरीक्षा दिली (नाव पाठ होणं हीच अर्धी परीक्षा!) तर बीएस्सीनंतरही काही ठिकाणी एकात्मिक पीएचडी (एमएस्सी आणि पीएचडी एकत्र) करता येते. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून ‘नेट-जेआरएफ’ ही संशोधनवृत्ती मिळाली, तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये फेलोशिप आहे.

मात्र पालकांना गोडगोड सांगू नये. पीएचडीला पाच-सहा वर्षं, वर पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं तात्पुरतं संशोधनाचं काम), आणि प्राध्यापकाच्या जागा मोजक्या. लग्नाचं काय, हा प्रश्न मधेच येतोच. औषध कंपन्या, क्लिनिकल ट्रायल (औषधांच्या माणसांवरच्या चाचण्या), वैद्यकीय लेखन, पेटंट या वाटा खुल्या आहेत. प्रोग्रॅमिंग येत असेल तर आणखी.

आपल्या महाविद्यालयांनी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षीच विज्ञान अकादमींच्या उन्हाळी संशोधन फेलोशिपचे अर्ज मुलांकडून भरून घ्यावेत. सूचनाफलकावर कागद लावून हे होत नाही.

– एक निवृत्त प्राध्यापिका, विश्रामबाग, सांगली