बचावाच्या बोटीचा तळ आधी पाहावा

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा जवळ आला की बचावपथकांसाठी घ्यायच्या बोटींची चर्चा सुरू होते आणि त्या चर्चेत इंजिन किती हॉर्सपॉवरचे, हाच प्रश्न बहुधा सर्वांत आधी विचारला जातो. माझगावच्या गोदी परिसरात बोटींची इंजिने दुरुस्त करण्यात माझी पस्तीस वर्षे गेली. त्या अनुभवावरून मला असे वाटते की, उल्हास, काळू, भातसा यांसारख्या उथळ आणि खडकाळ नद्यांसाठी पहिला प्रश्न बोटीच्या तळाचा असला पाहिजे.

२७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना सुखरूप बाहेर काढावे लागले, हे आपल्या वाचकांना आठवत असेल. शेतांवरून पसरलेले पाणी एका जागी छातीभर असते, तर दहा पावलांवर बांध लागला की गुडघाभरही उरत नाही. नेहमीच्या आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेल्या, इंजिनाचा पंखा तळाच्या खाली लोंबत असल्यामुळे तो बांधाला किंवा दगडाला लागतो, पाती वाकतात आणि बोट भर प्रवाहात निकामी होते. पाण्यात कोणी माणूस असेल तर फिरत्या पात्यांचा धोका वेगळाच.

या अडचणीवर न्यूझीलंडमधील बिल हॅमिल्टन यांनी १९५०च्या दशकात, तेथील उथळ नद्यांसाठीच, जेट बोटीचा मार्ग काढला. तळातील तोंडातून पाणी आत ओढायचे, इम्पेलरने, म्हणजे पंपातील फिरत्या पात्यांच्या चाकाने, त्याला जोर द्यायचा आणि मागच्या नोझलमधून झोत सोडायचा, अशी ही रचना आहे. तळाखाली काहीच लोंबत नाही. १९६० साली अशाच बोटी कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाच्या उलट दिशेने वर गेल्या होत्या. मात्र तयार बोट विकत आणून आपल्या नदीत सोडली की काम झाले, असे मानू नये.

आम्ही काही मित्रांनी एका जुन्या चौदा फुटी अॅल्युमिनियमच्या बोटीत वॉटर स्कूटरचे इंजिन आणि पंप बसवला. उल्हास नदीत पहिल्याच फेरीत जलपर्णीचे देठ आणि प्लास्टिकच्या पिशव्या तोंडावरच्या जाळीला चिकटल्या. इंजिन नुसते घोंघावत राहिले आणि बोट जागची हलेना. जाळीचे गज दाट केले तर पंपाला पाणी पुरत नाही आणि विरळ केले तर गोटे आत जातात. शेवटी आम्ही पायाने दाबून हलवता येणारी जाळी बसवली आणि इंजिन बंद करून वरून हात घालता येईल असे झाकण पंपावर केले. तळाच्या मधोमध असलेली उभी पट्टी पाण्यात बुडबुडे निर्माण करीत होती आणि पंप पाण्याऐवजी हवा ओढत होता, म्हणून तोंडासमोरचा तिचा भाग कापून टाकला. बॅटरी आणि टाकी दोन्ही पुढे नेल्यावर वळताना नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, पाण्यात रुतू लागली आणि मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागला; तेव्हा टाकी पुन्हा मध्यावर आणली. सर्वांत अधिक उपयोग झाला तो तळाला लावलेल्या जाड, गुळगुळीत पॉलिथिलीनच्या पत्र्याचा, कारण पूर्वी जेथे अॅल्युमिनियमला खोक पडली असती तेथे बोट आता दगडावरून घसरत पुढे जाते. वाळूने इम्पेलरभोवतीची कडी झिजते आणि फट वाढली की रेटा कमी होतो, म्हणून ती कडी सुटा भाग म्हणून जवळ ठेवावीच लागते.

चालकाच्या प्रशिक्षणाबद्दल मला विशेष कळकळीने लिहावेसे वाटते. जेट बोटीला वेगळे सुकाणू नसते. पाण्याचा झोतच तिला वळवतो. समोर खडक किंवा पुलाचा खांब दिसला की नवखा माणूस घाबरून थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा खटका, सोडतो, झोत थांबतो आणि बोट सरळ त्याच खांबावर जाते. ही सवय वर्गात बसून जात नाही, त्यासाठी वाहत्या पाण्यात हात बसावा लागतो. शिवाय बोट वेगात असताना पाण्यावर उचलली जाते आणि चार-सहा इंच पाण्यातूनही निघून जाते, परंतु माणसांनी भरली की ती उचलली जात नाही, खोल बसते आणि अधिक पाणी मागते. त्यामुळे तळ रुंद आणि जवळजवळ सपाट हवा. माणसांना आत घेताना इंजिन बंदच असावे, कारण साडीचा पदर किंवा दोरी तोंडात ओढली जाऊ शकते.

म्हणून संबंधित अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, खरेदीच्या अटींमध्ये जाळी, तळाचे आवरण आणि सुटे भाग यांचा स्पष्ट उल्लेख करावा, आणि बोटीची चाचणी बंदरातील खोल, स्वच्छ पाण्यात न घेता, पूर्ण क्षमतेइतके वजन भरून, टिटवाळ्याजवळ काळूच्या दगडगोट्यांच्या पात्रात घ्यावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त मरीन फिटर, माझगाव, मुंबई